बहात्तर पायऱ्या

सोमवार, ४ मार्च
लिफ्ट बंद पडून आज पाच महिने. खालचे म्हणतात, आम्हाला लिफ्ट लागत नाही, मग वर्गणी का द्यायची? ज्याचं जळतं त्यालाच कळतं. चौथा मजला, बहात्तर पायऱ्या. तेहतीस वर्षं शिलाई कारखान्यात पायमशीन मारलं. जगाच्या कॉलरी ताठ केल्या, गुडघे घालवले.

शेवटचं भेटले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आजी, रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चाला." चालते — चूल ते खिडकी, अकरा पावलं. पाय सुजलेत. ते दाखवायलाही खालीच जायला हवं!

बुधवार, ६ मार्च
तळमजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी मी खिडकीतून दोरीने सोडलेल्या पिशवीतून पाव, दूध आणि रक्तदाबाच्या गोळ्या वर पाठवल्या. खालून ओरडल्या, "अहो, मुलाला सांगा की." ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

रविवार, १० मार्च
लेकाचा फोन. "आई, बागेत जाऊन आलीस?"
"आले की, पहाटेच. जिन्यानेही व्यायाम होतो."
इतक्या सफाईने खोटं बोलते, की चप्पल बघावीशी वाटते माती लागलीय का. काय करू? त्याची नोकरी कंत्राटी. चार दिवस रजा घेतली की त्याच्या जागी दुसरा उभा. खरं कळलं तर तो सगळं टाकून धावत येईल.

मंगळवार, १२ मार्च
आज कोणाशीच बोलले नाही. रेडिओशी भांडले, ते धरत नाही.

गुरुवार, १४ मार्च
मास्तरीणबाई लेकीकडे चालल्या, कायमच्या. पिशवी कोण भरणार — पहिला विचार हाच आला. लाज वाटली.

संध्याकाळी सेक्रेटरी आला. पहिल्या मजल्यावर राहतो. इथवर येताना त्याला धाप लागली, ती बघून बरं वाटलं. म्हणाला, "काकू, बाईंची खोली रिकामी होतेय. वरच्या एखाद्या वयस्कर माणसाला बदलून द्यायचं ठरलंय. पहिला मान तुमचा. फक्त तुमची खोली मुलाच्या नावावर, त्याचा होकार लागेल."

तळमजला! दार उघडलं की रस्ता, पलीकडे दवाखाना. तो गेल्यावर खूप रडले. रविवारी लेकाला सगळं खरं सांगायचं. खोटं तरी किती दिवस शिवत बसणार.

शनिवार, १६ मार्च
अर्धी भांडी बांधून ठेवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग — माझ्या गुडघ्यांना तर तेही पेलायचं नाही.

रविवार, १७ मार्च
मी तोंड उघडायच्या आधीच लेक बोलत सुटला. "आई, काल तुमच्या सेक्रेटरीचा फोन आला होता. म्हणे, काकू हल्ली खाली दिसत नाहीत, त्यांना खोली बदलून देऊ का. मी म्हटलं, दिसेल कशी, ती पहाटेच बागेत जाऊन येते. रोज चार जिने चढते माझी आई. खोली कोणा गरजूला द्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना दिलीसुद्धा त्यांनी." केवढा अभिमान त्याच्या आवाजात.

"बरं केलंस," म्हणाले.

मग त्याने विचारलं, आज किती फेऱ्या मारल्या.

तीन सांगितल्या.