साफ केलेला आवाज

२ फेब्रु.
दादाच्या गावी, नाकाडोंगरीला जाऊन आलो. दादाची वर्षी महिन्यावर आली. त्याच्या खंजेरी भजन मंडळाने ठरवलंय की त्या दिवशी त्याचंच रेकॉर्ड केलेलं भजन मोठ्या स्पीकरवर लावायचं आणि मागून सगळ्यांनी झील धरायची, तो असताना धरायचे तशी. गाणारा गेलेला, साथ देणारे जिवंत. आमच्या तुमसरच्या साहित्यिक मैफलींत दोन्ही बाजू जिवंत आहेत का, हाच संशय असतो, त्यापेक्षा बरं.

भजन माझ्याच रेकॉर्डरवरचं. ढोलकीवाल्या फत्तूने ते मागेच कुठल्याशा ॲपमधून 'साफ' करून, फाइल बारीक करून सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं. वहिनी तेच ऐकते. भाजी चिरताना, धान पाखडताना. फोन कमरेच्या पिशवीत, दादा पिशवीत.

५ फेब्रु.
फत्तूचं साफ भजन हेडफोन लावून ऐकलं. झांजा कढईत भजी सोडल्यासारख्या. दादाचा आवाज गुळगुळीत, बँकेच्या फोनवर बोलणाऱ्या बाईसारखा. वहिनीला म्हटलं, याच्यात अर्धा दादाच नाही.
"अर्धा त अर्धा, भाऊजी. पिशवीत मावते न."


मग ती आपणहून बोलली. हे ती प्रत्येकाला सांगते, आधार असावा तसं. "बिमारीनं आवाजच नाई केला पाहा. केला असता त मी आयकलं नसतं का? बाजूलेच त झोपत होती मी."
नागपूरचा डॉक्टर म्हणाला होता, छाती आधी दाखवायला हवी होती. ते तिला कुणी सांगितलेलं नाही. मी तर नाहीच.

९ फेब्रु.
तालीम. फजिती. झील एकतर आधी पडते, नाहीतर दादा पुढची ओळ अर्धी गाऊन झाल्यावर.
कारण कळायला तासभर गेला. या लोकांनी जन्मात कधी मात्रा मोजल्या नाहीत. दादा ओळ संपवून श्वास ओढायचा, तो ऐकायचा आणि उचलायचं, एवढंच शास्त्र. आणि साफ केलेल्या भजनात श्वासच नाही.
फत्तू हैराण. "भाऊ, दादा दमच घेऊन नाई राहिला ना जी!"
"तूच काढलास तो."
"म्या नाई, ॲपनं काढला. त्याले वाटलं खरखर हाय."

मग फत्तू समोर उभा राहून हात वर करू लागला. म्हातारे झीलकरी डोळे मिटून गातात. हात कोण बघणार.

१० फेब्रु.
मूळ फाइल माझ्याकडे आहे. एवढी जड की व्हॉट्सॲप तिला दारातही उभं करत नाही. वर्षभर उघडली नव्हती. आज उघडली.

झांज म्हणजे झांज. कुणीतरी मधेच "पाय सरकव ना बे" म्हणतं. दादा खोलीतच बसलाय, माझ्या डावीकडे, जरा मागे. आणि श्वास, प्रत्येक ओळीनंतर. आणि श्वासाच्या शेपटाला एक बारीक शीळ. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह ढिला असला की येते तशी.
फाइलवर तारीख आहे. कोजागिरीची. डॉक्टरकडे नेलं त्याच्या दीड वर्ष आधीची.
म्हणजे बिमारीने आवाज केला होता. चांगला

पुढे लिहवेना.

१४ फेब्रु.
चार दिवस तेच. शीळ काढायची, श्वास ठेवायचा. होत नाही. शीळ गेली की श्वास जातो, श्वास ठेवला की शीळ येते. दुसऱ्याचा श्वास चिकटवून पाहिला, माझा. ऐकून हसू आलं, मग दुसरंच काही.
फत्तूचा फोन: "माह्याजवळची असली फाइल पुसली गेली, तुमच्यापाशी असन त द्या ना भाऊ. नाईतर बिना झीलचंच वाजवू." बिना झीलचं भजन म्हणजे माईकवरची सरकारी सूचना.

२० फेब्रु.
वहिनी भावाकडे बपेऱ्याला गेली आहे, उद्या संध्याकाळी येणार. तेवढ्यात मूळ फाइल मंडळाला एकदा ऐकवून घेतो. शीळ त्यांच्या लक्षात येते का पाहू. नाही आली तर तिच्याही…

२१ फेब्रु.
दुपारी लावली. पहिली ओळ संपली, दादाने दम घेतला आणि सगळ्यांची झील एकदम, एका तोंडाने पडली. आढ्याची धूळ खाली आली. फत्तू वाजवतच होता, गालावरून पाणी, पुसायला हात मोकळा नाही. शीळ कुणालाच ऐकू आली नाही. दादा आला, एवढंच त्यांना ऐकू आलं.

मागे वळलो तर वहिनी दारात. दुपारच्याच बसने आलेली. पिशवी खांद्यावरच. किती वेळ उभी होती, ठाऊक नाही.
भजन संपलं. लोक चहाला उठले. ती माझ्याजवळ आली.
"हे कवाचं जी, भाऊजी?"
मी म्हटलं, बसा आधी, प्रवासातून आलात.
"बसतो. कवाचं हाय थे सांगा."
शेवटच्या महिन्यातलं म्हटलं असतं तर भागलं असतं. तोंड उघडलंही होतं.
म्हटलं, घरी जाऊन फाइल बघून सांगतो.
तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले तारीख पाठ नाई, असं कवा झालं जी?"

२२ फेब्रु.
सकाळपासून तिचे दोन फोन. उचलले नाहीत. आता ती बसने तुमसरला माझ्याकडे यायला निघालीय, असा फत्तूचा निरोप.