शंभरातले एकोणनव्वद

१ जुलै
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. मोठ्या माणसांना एक सवय असते, तेवढंच.
मीटिंग झाली. विभागप्रमुखांनी जाहीर केलं की यंदापासून प्रत्येक पेपरमध्ये संशोधन-कौशल्यं शिकवायची, आणि तीही लायब्ररीच्या बाईंना बरोबर घेऊन. सुरुवात माझ्या 'समाज आणि वाचन' या पेपरपासून. सगळे माझ्याकडे बघत होते. कौतुकाने असावं.
संकल्प: हा कोर्स एकट्याने उभा करायचा. लायब्ररीने पुस्तकं द्यावीत, परत घ्यावीत. संशोधन म्हणजे काउंटरवरचं काम नव्हे.

४ जुलै
लायब्ररीच्या बाई स्वतःहून भेटायला आल्या. त्यांची पीएचडी झालेली आहे, हे आज कळलं. आवाज खणखणीत. लायब्ररीत कसा चालतो देव जाणे. म्हणाल्या, मुलांना एक दिवस लायब्ररी फिरवून दाखवायची आणि सोडून द्यायचं, याचा काडीचा उपयोग नाही. असाइनमेंटच अशी हवी की शोधल्याशिवाय सुटूच नये. आधी प्रश्न नीट विचारायला शिकवायचं, मग शोधायला, मग सापडलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते ठरवायला. आणि हे सगळं आपण दोघांनी मिळून आखायचं.
मी म्हणालो, "बाई, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तरी आम्ही संशोधन केलंच ना?"
त्या म्हणाल्या, "हो, तेच वाचून मी आलेय."
बरं वाटलं. फार कमी लोक मुळातून वाचतात.

८ जुलै
पहिलं लेक्चर. नेहमीच्या वाक्याने सुरुवात केली: "शंभरातले एकोणनव्वद विद्यार्थी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचत नाहीत." मग पॉज. वीसेक वर्षं हे वाक्य टाकतोय, आणि दरवेळी वर्ग गप्प होतो.
आज झाला नाही. पहिल्या बाकावर भाची बसलेली. बहिणीची मुलगी, शिकायला आमच्याकडेच राहते. घरी मामा, वर्गात सर. विचारते, "सर, हे मोजलं कुणी?"
अभ्यासकांनी, असं सांगितलं. घरी आल्यावर तिच्या मामीला सगळं कळलेलं होतं. ही दातांची डॉक्टर आहे. कुठे टोचलं की ओरडतात ते तिला बरोबर समजतं. म्हणाली, "पण मोजलं कुणी?"
चहा गार झाला.

१५ जुलै
बाईंचा पहिला तास, माझ्याच वर्गात. मी मागे बसलो. सुपरव्हिजन.
मुलांनी लायब्ररीच्या वेबसाइटवर 'वाचन' शोधलं, तर विजेच्या मीटरचं वाचन निघालं. खूप हसली. मग कुणाचं वाचन, कुठलं, कोणत्या काळातलं, असं करत बाईंनी त्यांच्याकडूनच प्रश्न घासून घेतला. मीही हे सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.
सहज म्हणून माझंही लॉगिन करून पाहिलं. बरीच वर्षं न वापरल्यामुळे खातं बंद, असा मेसेज आला. कंप्युटर विभागाचा गलथान कारभार. तक्रार करायची.

२३ जुलै
असाइनमेंट जाहीर: छापील लेखातला कुठलाही एक आकडा निवडा आणि तो मुळात आला कुठून ते शोधा. जगभरचे लेख समोर असताना भाचीच्या गटाने निवडला माझा एकोणनव्वद! हिला सांगितलं. म्हणाली, "काळजी नाही वाटत?"
काळजी कसली? ही फक्त दात बघते, तिला अभिमान दिसत नाही.

३० जुलै
भाचीने नाश्ता करताना प्रगती सांगितली. माझ्या लेखाची तळटीप एका अहवालाकडे जाते. त्या अहवालाने आकडा घेतलाय एका रविवार पुरवणीतून. पुरवणीत म्हटलंय, 'एका नामवंत प्राध्यापकांच्या मते'.
"मामा, कोण असतील हो हे नामवंत प्राध्यापक?"
म्हटलं, शोधा. हेच तर संशोधन.
ती कॉलेजला गेल्यावर हॉलमधली फ्रेम उतरवली. त्यात ती पुरवणी आहे, फोटोसकट. काच पुसायची होती. ही क्लिनिकला निघता निघता म्हणाली, "खिळा पण काढ मग."

५ ऑगस्ट
बाईंना सुचवलं की त्या गटाचा विषय फार छोटा आहे, बदलून द्यावा. त्या म्हणाल्या, आता कसा बदलणार, मुलं दुसऱ्या टप्प्यावर पोचली. शिवाय त्यांनी कॉलेजचे जुने वार्षिक अंक मागितलेत. मी म्हटलं, ते ज्या तळघरात आहेत ते तर बंद असतं ना?
"उघडलं. मुलांनी मागितलं म्हटल्यावर उघडायलाच हवं."
संकल्प: आकड्याला दुसरा भक्कम आधार मीच शोधून ठेवायचा. दोन दिवसांचं काम.

८ ऑगस्ट
लायब्ररीत गेलो. जुन्या दाराशी आता सायकली लावतात. नव्या दाराने माझं कार्ड घेतलं नाही. वॉचमन म्हणाला, "कुणाला भेटायचंय?"

१२ ऑगस्ट
अखेर घरी इंटरनेटवर आधार सापडले! एक नाही, चौदा. एवढे अभ्यासक माझ्याशी सहमत आहेत, याची कल्पना नव्हती. उद्या बाईंच्या टेबलावर आपटतो.

१३ ऑगस्ट
चौदाच्या चौदा लेखांच्या तळटिपा पाहिल्या. सगळ्यांत मीच आहे.
याला म्हणतात प्रभाव.
बाईंना नंतर भेटू.

१९ ऑगस्ट
सादरीकरण. विभागप्रमुख पुढच्या रांगेत. भाची बोलायला उभी राहिली. तिच्या हातात वार्षिक अंक, मी नवीन लागलो तेव्हाचा. त्यात माझा छोटासा लेख आहे. मी साफ विसरलो होतो. तिने वाचून दाखवला: "आज वर्गात विचारले, एखादे पुस्तक शेवटपर्यंत कोणी वाचले आहे? नऊपैकी एकाने हात वर केला."
नऊपैकी आठ. तिच्या मैत्रिणीने पडद्यावर भागाकार करून दाखवला. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक अठ्ठ्याऐंशी. म्हणजे एकोणनव्वद.
मागे कुणीतरी खुदकन हसलं. विभागप्रमुखांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.
भाची हसली नाही. म्हणाली, "सरांनी इथे नऊ हा आकडा लपवलेला नाही. तो पुढे कुठेतरी गळला. कुठे गळला, ते आम्ही शोधलं." पुढच्या स्लाइडवर माझाच दुसरा लेख.
मी उठून टाळ्या वाजवल्या. सांगितलं की हा सापळा मीच मुद्दाम लावला होता, मुलं पकडतात का ते बघायला. कुणी नाही म्हणालं नाही. हो पण म्हणालं नाही.

२० ऑगस्ट, सकाळ
गुण द्यायचे होते. भाचीच्या गटाला पंचवीसपैकी अकरा दिले. शेरा: अक्षरांचा आकार एकसारखा नाही. बाईंनी चोवीस दिलेत. आप्तांच्या बाबतीत मी कडकच असतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
भाची जेवण अर्धं टाकून उठली. भांडी आवरताना ही म्हणाली, "ते वाचून दाखवायच्या आधी तिने मला दोनदा विचारलं होतं. मामाला वाईट वाटेल का म्हणून."
"मग तू काय म्हणालीस?"
"वाटेल म्हणाले. तरी वाच म्हणाले."
अकराचे चोवीस केले. परत पाहिल्यावर अक्षरांचा आकार ठीक वाटला.

२६ ऑगस्ट
विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. आवाज मऊ. तो मऊ झाला की मी खुर्ची घट्ट धरतो. म्हणाले, पुढच्या सत्रात हा पेपर बाईच बघतील, तुम्ही आधी त्यांच्या तासांना बसा. म्हटलं, बघतो, वेळ मिळाला तर. माझं टाइमटेबल त्यांच्या टेबलावरच होतं. तो एक पेपर सोडला तर सगळं रिकामं.

२९ ऑगस्ट
बाईंच्या तासाला लायब्ररीत गेलो. मुद्दाम दुसऱ्या विभागाच्या पहिल्या वर्षाबरोबर बसलो, म्हणजे ओळखीचं कुणी नको. बाईंनी पाहिलं. सगळ्यांना एकेक कागद दिला. सूचना एवढीच: ज्याचं उत्तर तुम्हाला खरोखर माहीत नाही, असा एक प्रश्न लिहा.
सोपं होतं. पेन काढलं. एक प्रश्न सुचला, पण त्याचं उत्तर मला माहीत होतं. दुसऱ्याचंही होतं. तिसरा सुचला आणि एकदम वाटलं की त्याचं उत्तर मला माहीत आहे असं मी फक्त इतकी वर्षं म्हणत आलोय. तो कसा लिहायचा ते कळेना. शेजारच्या मुलीचा कागद भरला, तिने पाठीमागे लिहायला घेतलं.
वेळ संपली. कागद कोराच दिला.
बॅग उचलता उचलता मुलीने विचारलं, "काका, तुम्ही लायब्ररीत पहिल्यांदाच येताय का?"
हो म्हणालो.