ठकूची सुरी

९ सप्टेंबर

ठकूने आज जेवताना सांगून टाकलं — इस्पितळाजवळ खोली घेतली आहे, पुढच्या महिन्यात राहायला जाणार. विचारलं नाही, सांगितलं. ठकूची आई वाढत होती; हिच्या हातातला डाव हातातच राहिला.

"आणि जेवणाचं काय?"

"मी करीन की."

"तू?" पुढचं ही बोलली नाही. पण ते तिघांनाही ऐकू गेलं.

आमच्या या लेकीची नजर कॉलेजात असतानाच गेली. आधी कडेकडेने, मग सगळीच. आता ती इस्पितळातला टेलिफोन सांभाळते. काठी घेऊन एकटी बसने जाते-येते. पण आपल्या ओट्यावर हिने तिला सुरीला हात लावू दिलेला नाही.

हात धुऊन ठकू बाल्कनीत माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "बाबा, रिटायर झाल्यापासून अख्ख्या बिल्डिंगला सुऱ्या करून दिल्यात. माझा नंबर कधी?"



१० सप्टेंबर

पात्यांचा डबा पालथा केला. हॅकसॉचं पातं पातळ आहे, पण जरा वाकलं की तुकडा पडतो. सुताराने दिलेली जुनी गोल करवत आहे, तिच्यातून चांगली पाती निघतील. पण माझा जीव कानशीच्या पोलादावर. तापवून मऊ करायचं, घासून आकार द्यायचा, पुन्हा लाल करून तेलात बुडवायचं. मग धार अशी लागते की टोमॅटोला आपण कापले गेलो हे कळतही नाही.

कानसच घ्यायची. ठरलं.

११ सप्टेंबर

ठरलं नाही. ठकूला कौतुकाने सांगत होतो, या पोलादाचे लाड करावे लागतात, धुतलं की लगेच पुसायचं, नाहीतर गंजाचे ठिपके येतात. ती म्हणाली, "ते ठिपके मला कोण दाखवणार?" रागाने नाही. सहज.

उभा जन्म कारखान्याच्या टूलरूममध्ये गेला आणि एवढं डोक्यात येऊ नये!

म्हणजे स्टेनलेस. मला ते आवडत नाही. दगडावर घासताना रबर घासल्यासारखं वाटतं, धार लवकर हाती लागत नाही. पण सुरी काही माझी नाही.

१३ सप्टेंबर

भंगारवाल्याकडे गेलो. कुठलं तरी कँटीन बंद पडलंय, तिथल्या सुऱ्यांचा ढीग आला होता. त्यातून एक रुंद पातं काढलं. मूठ सडलेली, टोक मोडलेलं.

"काका, एखादी धड बघा की," भंगारवाला म्हणाला.

म्हटलं, हीच हवी. टोक मला नकोच होतं. पुढून गोलसर उतरती करीन, म्हणजे ओट्यावर चाचपडताना हाताला टोचायची नाही. आणि पातं रुंद हवं ते अशासाठी, की दुसऱ्या हाताची बोटं आत मुडपून पेरांना पातं टेकवलं, की ते तिथेच सरकत राहतं. नखांपर्यंत जात नाही.

घरी आल्यावर हिने विचारलं, "धार फार नाही ना लावणार?"

"बोथट सुरीच जास्त घसरते."

"मग सुरीच नको."

बोलणं तिथेच संपलं. भाजीला मीठ नव्हतं. मी मागितलंही नाही.

१५ सप्टेंबर

मुठीचा प्रश्न. शिसवाचे तुकडे माझ्याकडे आहेत, दिसायला राजबिंडे. शिंगाचा एक तुकडा आहे, पण तो पाण्याने फुगतो, तडकतो. प्लास्टिक माझ्या हातून होणार नाही. म्हटलं, ठकू वापरेल तसंच वापरून बघू. हाताला साबण लावला, डोळे मिटले आणि माझ्या जुन्या सुऱ्यांनी बटाटा कापायला घेतला.

शिसवाची गोल गुळगुळीत मूठ हातात फिरली. पातं कुठे वळलं ते कळलं नाही. कळलं तेव्हा अंगठ्यातून रक्त येत होतं.

ही धावत आली. "तुम्हाला डोळे असून ही गत!" पट्टी घट्ट आवळून बांधली. मग हळूच म्हणाली, "तिकडे ती एकटी असणार. रक्त आलं तरी तिला दिसायचं नाही."

 

१६ सप्टेंबर

अंगठा ठणकतोय. काम बंद. ही ठकूशीही बोलत नाही आणि माझ्याशीही. लिहितानाही अंगठा आड येतोय.

१८ सप्टेंबर

आज ठकूनेच सोक्षमोक्ष लावला. सकाळी हिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. "आई, इथे बस. हात पुढे करायचा नाही."

घरातली सुरी घेतली, टोपलीतून कांदा घेतला. आधी त्याचे दोन भाग केले, सपाट बाजू खाली ठेवली, बोटं मुडपली. मग कापत गेली. सावकाश, पण एकसारखी. मी दारात उभा. ही स्टुलाची कड धरून बसलेली.

"कुठे शिकलीस?"

"नजर गेल्यावर ट्रेनिंगला जायचे ना, तिथे. तुला सांगितलं असतं तर तू ट्रेनिंगच बंद केलं असतंस."

"आणि कापलं तर? रक्त आलं तर?"

"ओलं लागतं गं. कोमट लागतं. पाण्यापेक्षा वेगळं असतं, कळतं."

 ही कांद्याकडे बघून म्हणाली, "जाड कापलायस."

"तुझाही जाडच असतो."

ही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. कांद्यामुळे, म्हणाली. असेल.

१९ सप्टेंबर

मुठीचं सुचलं. कापडाचे थर राळेत भिजवून शिकंज्यात दाबून ठेवले की लाकडासारखे टणक होतात. पाण्याने फुगत नाहीत, आणि वर किंचित खरबरीत राहतात, त्यामुळे ओल्या हातालाही धरून बसतात. जाड कापड हवं, एवढंच मी जेवताना म्हणालो.

दुपारी बघतो तर ही ठकूची जुनी जीन्स घेऊन समोर. हातात कात्री.

"पट्ट्या केवढ्या हव्यात?"

केवढ्या ते सांगितलं.  माझ्यापेक्षा सरळ कापल्या तिने.

२२ सप्टेंबर

ठोकळा मस्त जमलाय. गडद निळा, घासला की लाकडासारख्या रेषा दिसतात. त्या ठकूला दिसणार नाहीत हे घासताना आठवलं आणि हात थांबला. पण ती संध्याकाळी बोट फिरवून म्हणाली, "थर लागतात हाताला. छान आहे."

मूठ गोल नाही केली. वर रुंद, खाली निमुळती — अंड्यासारखी. हातात घेतली की धार कुठल्या बाजूला आहे ते तळव्यालाच कळतं. डाव्या अंगाला अंगठ्यासाठी खळगा. ठकू धरून बघते आणि "इथून थोडं काढा" म्हणते. मी काढतो. ती पुन्हा धरते, पुन्हा म्हणते. कारखान्यातला इन्स्पेक्टर परवडला.

२६ सप्टेंबर

पितळेच्या खिळ्या ठोकल्या, धार लावली. स्टेनलेसने घाम काढला, पण शेवटी वश झालं. सुरी झाली.

आधी हिने वापरून बघितली. "लेकीला द्यायच्या आधी बघायला नको?" म्हणाली. अर्धा किलो गाजर चिरून झालं तरी परत देईना. शेवटी ठकूने हात पुढे करून मागून घेतली.

१ ऑक्टोबर

ठकूला पोचवून आलो. खोली लहान आहे, खिडकीतून उजेड भरपूर येतो. "तिला उजेडाचं काय," ही पुटपुटली आणि तरीही काचा पुसून आली.  घरी ताटं तीन घेतली गेली.

४ ऑक्टोबर

ही रोज फोन करते. "काय केलंस आज?" मग मला सगळं सांगते, जणू मी दुसऱ्या गावात राहतो.

१७ ऑक्टोबर

आज ठकूचा फोन हिला नाही, मला आला.

"बाबा, अजून एक सुरी लागेल. अशीच. फक्त अंगठ्याचा खळगा उजव्या अंगाला हवा."

"का गं? तो तर डावखुऱ्या माणसाला लागतो."

"हो."

आमच्या घरात, नात्यात डावखुरं कुणी नाही. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "रविवारी दोघं जेवायला या. स्वयंपाक आम्ही करतोय."

फोन ठेवला. ही शेजारीच उभी होती. "काय म्हणते?"

"सांगतो," म्हटलं. "तू आधी खाली बस."