मॅडमचे दात नुसते लागले

३ फेब्रुवारी
बुढापारा मोहल्ल्यातून आणलेली मांजर घरात रुळली. नाव ठेवलं मॅडम. लेक दीपमाला ऑफिसला गेली की तिची अबोली आमच्याकडेच असते. नातीला सोबत झाली. बायकोची कटकट सुरू. अंजना म्हणते, मांजरापासून रोग होतात. तिला सायन्स समजत नाही. तरी मॅडमला रेबीजचं इंजेक्शन या रविवारी. फायनल.

९ फेब्रुवारी
इंजेक्शन राहिलं. दवाखान्यात गर्दी असणार. शिवाय मॅडम घराबाहेर जातच नाही. गच्चीवरून शेजाऱ्यांच्या छतांवर फिरते, पण ते बाहेर नव्हे.

१४ फेब्रुवारी, दुपार
मॅडम जेवत नाही. पलंगाखाली बसून राहिली आहे. आवाजही बसला. हवा बदलली.
दूध द्यायला हात घातला तर अंगठ्यात दात लागले. चावली म्हणता येणार नाही. रक्त आलं, हळद दाबली. अबोलीनं पाहिलं. तिला म्हटलं, आजीले सांगू नको. "हव," म्हणाली. समजदार पोट्टी. अंजनाला सांगितलं, नारळ सोलताना लागलं.

१६ फेब्रुवारी
मॅडम भिंतीकडे बघत बसते. तोंडातून लाळ. गरमी असेल. अंगठा ठणकतो, तो नखामुळे. उद्या सकाळी मॅडमला डॉक्टरकडे नेणारच.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी पिशवी शोधत होतो, तेवढ्यात मॅडम अबोलीच्या पायाला, पिंडरीला चावली. सोडेचना. शेजारचा शेखर काठी घेऊन धावला तेव्हा पळाली. नंतर त्यालाच नालीजवळ मेलेली सापडली. मी म्हटलं, गाडीखाली आली असेल. अंगावर जखम नव्हती म्हणाला. शेखरला फार बोलायची सवय.
दीपमाला ऑफिसमधून थेट आली. सगळे दवाखान्यात. डॉक्टरनं विचारलं, घरात अजून कुणाला चावली? मी नाही म्हटलं.
अबोली रडता रडता बोलली, "नानाजी को भी काटा था. खून निकला था."
अंजना म्हणाली, "नारळ सोलून राहिले होते ना तुमी?"
दीपमालानं आवाज चढवला नाही. "बाबा, तुमाले माहीत होतं. तरी पोरीले तिच्याजवळ खेळू देलं."
मी म्हणणार होतो की दात नुसते लागले होते.
अबोलीला जखमेतच सुई दिली. तिची किंकाळी बाहेरपर्यंत गेली. मलाही दिली. डॉक्टर म्हणाले, पोरीला लगेच आणलंत, बरं झालं. तुमचं, वेळ गेलेली नाही असं धरून चालू.
'धरून चालू' हे मला आवडलं नाही.

१८ फेब्रुवारी, दुपार
अबोलीला ताप. इंजेक्शनचा असतो, सिस्टरनं सांगितलं होतं. कुणीतरी अंजनाच्या डोक्यात भरवलं की लागण झालेला माणूस पाण्याला भितो. मी समजावलं, इतक्या लवकर काही होत नसतं.
अबोलीनं पाणी मागितलं. ग्लास तोंडाला लावला. आम्ही तिघंही तिच्या गळ्याकडे बघत राहिलो. तिनं घोट गिळला. दुसराही. दीपमाला भिंतीला टेकून खाली बसली.
मग अंजनानं दुसरा ग्लास भरून माझ्यापुढे ठेवला आणि समोर उभी राहिली. मला तहान नाही, असं सांगितलं.
ती हलली नाही.