नानांचा ग्रह

नाना,

तुमचा ग्रह नाहीये. आडवळणाने सांगायला बसले असते तर आधी चार ओळी तुमच्या तब्येतीची विचारपूस करण्यात गेल्या असत्या, आणि तुमच्या तब्येतीचं आता काय विचारायचं! म्हणून सरळच सांगते. ज्या ग्रहासाठी तुम्ही धरणगावात घरोघर पेढे वाटले, दुकानाची पाटी पुसून नवी रंगवली, तो ग्रह त्या ताऱ्याभोवती फिरत नाही. कधीच फिरत नव्हता. आणि हे शोधून काढणारी दुसरीतिसरी कुणी नाही, तुमचीच लेक आहे.

ती बातमी आली तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते. आपल्या सूर्यासारखाच, त्यातल्या त्यात जवळचा एक तारा किंचित डुलताना आमच्या गटाला दिसला होता. भोवती फिरणारा ग्रह ओढत असेल तर तारा असा डुलतो. ‘ग्रह असावा’ असं आम्ही लिहिलं. पेपरवाल्यांनी ‘असावा’ गाळला आणि ‘धरणगावच्या कन्येने शोधला ग्रह’ असं छापून मोकळे झाले. तुमचा फोन आला. “पक्कं शे ना?” मी म्हटलं, “बहुतेक, नाना. अजून बघायचंय.” तुम्ही “बरं, बरं” म्हणालात आणि फोन ठेवून थेट पेंटरकडे गेलात. सुट्टीत घरी आले, तर ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या आपल्या साध्यासुध्या दुकानावर लिहिलेलं, ‘ग्रह अ‍ॅग्रो एजन्सी’. शेजारी कडं घातलेला शनी, आणि शनीच्या बुडातून गळणारा पाण्याचा थेंब. मी कपाळाला हात लावला. तुम्ही पाटीखाली खुर्ची टाकून बसला होतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी मान वर करून पाटी वाचायला लावत होतात. मला हसू आवरेना. पण खरं सांगू, तेव्हा फार बरं वाटलं. मला कुणी एवढं मोठ्याने मिरवलं नव्हतं.

पुढे फार दिवस मिळाले नाहीत तुम्हाला. जळगावच्या दवाखान्यात, छातीला वायरी चिकटवलेल्या असताना, तुम्ही नर्सबाईंना सांगत होतात, “मन्ही पोरना ग्रह शे.” त्या बिचाऱ्या ‘हो का, आजोबा’ म्हणत सलाईन बघत होत्या. मी दारातून ऐकत होते, आणि तोवर मलाही तो आहे असंच वाटत होतं.

तुमच्यामागे माय एकटी पडली म्हणून मी पुणं सोडून परत आले. जळगावच्या एका कॉलेजात नोकरी लागली. मुलाखतीत मला भौतिकशास्त्रातला एक प्रश्न विचारला नाही कुणी. ग्रहाचं नाव काय ठेवलं, तिथे पाणी आहे का, हेच. मुलं ‘ग्रह मॅडम’ म्हणतात. स्टेशनपासचा रिक्षावाला म्हणतो. वर्षाला दोनतीन सत्कार ठरलेले, कपाटात शालींची चळत लागलीय, आणि आपल्या इथल्या उन्हाळ्यात शाल घेऊन माणसाने करायचं काय, हे कुणी सांगत नाही. सगळे हे मायेने करतात. म्हणून चिडायचीसुद्धा सोय नाही. कधीकधी वाटतं, मला कुठल्याशा खोलीत बसवलंय, जेवायला वेळेवर मिळतंय, फक्त दाराला आतून कडी नाही.

या सगळ्यातून वेळ काढून मी त्या ताऱ्याकडे बघत राहिले. दुर्बीण लांब, दुसऱ्या देशात. तिथून आलेला प्रकाश मी इथे संगणकावर तपासते. ग्रह शोधणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, ताऱ्याचा स्वभाव मोजणाऱ्याला कुणी विचारत नाही, म्हणून ते काम मला निवांत मिळालं. तुम्हाला कळेल असं सांगते. सूर्याला डाग असतात, ते त्याच्यातल्या चुंबकी ओढाताणीने पडतात. लांबच्या ताऱ्यावरचे डाग डोळ्यांना दिसत नाहीत. पण त्याच्या प्रकाशाच्या जांभळ्या टोकाला कॅल्शियमच्या दोन काळ्या रेघा असतात. चुंबकाचा जोर वाढला की त्या रेघांच्या पोटात उजेड वाढतो. तो उजेड शेजारच्या शांत प्रकाशाशी ताडून बघायचा, एवढंच माझं काम. वर्षानुवर्षं तेच केलं. आणि हळूहळू दिसायला लागलं की तो उजेड वाढतो-कमी होतो तो बरोबर आमच्या ग्रहाच्या फेरीइतक्याच दिवसांनी. म्हणजे ग्रहाची फेरी नव्हतीच ती. तारा स्वतःभोवती फिरत होता, त्याच्या अंगावरचे डाग समोर येत होते, मागे जात होते, आणि आम्हाला वाटत होतं, त्याला कुणीतरी ओढतंय.

तेव्हा मला साक्रीकडची ती डाळिंबाची बाग आठवली. मी बारावीच्या सुट्टीत तुमच्या मागे गाडीवर बसून आले होते. वाटेत धुळ्यात शेवभाजी खाल्ली, तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी. शेतकऱ्याची तक्रार होती की शेवटच्या ओळींना पाणी पोचत नाही. तुम्ही त्याच्याशी बोलत उभे, आणि मी हुशारी करून बागेच्या पार टोकाला जाऊन बसले आहे, एकेक नळी उघडतेय, फुंकतेय, गुडघ्यापर्यंत चिखल. तुम्ही लांबूनच ओरडलात, “तठे नळ्या काय खोली ऱ्हायनी? पहिले मोटर देख! पानी जठेन निंघस तठेन देखत ये.” त्या शेतकऱ्यासमोर ओरडलात म्हणून मी परतीच्या वाटेवर तुमच्याशी अवाक्षर बोलले नाही. धुळ्याला तुम्ही गाडी थांबवून मला उसाचा रस पाजलात, तरीही नाही. मोटर खरंच कमी ओढत होती.

आता सांगा, नाना. मला ओरडलात, आणि स्वतः मात्र मोटर न बघता पाटी रंगवलीत!

मागच्या महिन्यात आमच्या गटाने सगळं लिहून काढलं. ग्रह मागे घ्यायचा लेख, आणि मोजमाप माझं म्हणून पहिलं नाव माझं. फक्त मी छापायला ‘हो’ कळवायचं बाकी होतं. नेमकं तेव्हाच धाकट्याने, आता दुकान तोच बघतो, तुम्ही शिकलात त्या शाळेत विज्ञानाची खोली बांधून दिली. दारावर तुमचं नाव, भिंतभर ग्रहाचं चित्र, रविवारी उद्घाटन. मी धरणगावला जाऊन त्याला सगळं समजावलं. स्वयंपाकघरात बसलो होतो, माय भरताची वांगी भाजत होती. तो म्हणाला, “ताई, तो ग्रह आते तुना एकलीना नही ऱ्हायना. रविवार व्हई जाऊ दे, मंग काय सांगनं ते सांग.” मला राग आला आणि त्याचं पटलंही, दोन्ही एकदम. मायची पाठ आमच्याकडे होती. ती वांग्याची सालं काढत राहिली.

रविवारी मात्र माझ्याने राहवलं नाही. नारळ फुटला, फीत कापली, माझ्या हातात माईक आला. समोर पोरं मांडी घालून बसलेली, मागे ती भिंत. शनीच तो, कड्यासकट. तुमच्याच पेंटरच्या पोराने काढलेला. मी सांगून टाकलं. म्हटलं, हा ग्रह नाही. आम्हाला वाटला होता, मी मोजून बघितलं, तो नाही. मला वाटलं, सुटले. मग मुख्याध्यापक उठले, माईक घेतला आणि म्हणाले, “बघा मुलांनो, मोठी माणसं अशी असतात! एवढं करून म्हणतात, आम्ही काहीच केलं नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पुन्हा माईक मागितला, तर माझ्या खांद्यावर शाल आली. मग वरण-बट्टीच्या पंगती बसल्या आणि आग्रह करकरून मला तूप वाढलं.

एका माणसाला मात्र माझं बोलणं खरं वाटलं. जेवणं आटोपून आम्ही घरी आलो, संध्याकाळ झाली, माय नेहमीसारखी गच्चीवर गेली. तो तारा मीच तिला दाखवून ठेवला होता, तुम्ही गेलात त्या साली, तिचा जीव कशात तरी रमावा म्हणून. तेव्हापासून तो दिसतो त्या दिवसांत ती रोज फोनवर विचारायची, “ग्रह फिरी ऱ्हायना ना?” आणि मी ‘हो’ म्हणायचे. पण ती कुठल्या आशेने विचारते, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी तिने वर बघितलं नाही. कठड्याला हात टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “मंग नाना आते कोठे शेतस?”

एवढी वर्षं तिने तुम्हाला तिथे ठेवलं होतं, नाना. तुमच्या पाटीवरच्या त्या घरात. आणि मी भरसभेत ते घर मोडलं होतं, तिला पहिल्या रांगेत बसवून.

गटाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हो’ कळवलं. ते चुकलं असं मला वाटत नाही. लेख छापून येईल, आणि धरणगावात तो कुणी वाचणार नाही. पाटी राहील, भिंत राहील, मी ग्रह मॅडमच राहीन. हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. तुमचा म्हणून जो एक पत्ता घरात होता, तो मीच पुसला. म्हणून हे त्या शालींच्या चळतीखाली ठेवून देते.

पण मायला त्या संध्याकाळी काय उत्तर दिलं, ते तुम्हाला सांगायला हवं. मी म्हटलं, “थांब माय, अजून एकदा मोजून बघते.” तेव्हापासून ती रोज फोनवर विचारते, मोजलं का. मी म्हणते, मोजतेय. नाना, मोजायचं आता काही उरलेलं नाही.