घरच्या पाण्यातला कांदा

चंद्रपूर, मंगळवार संध्याकाळ

आज जे दिसलं ते लिहून ठेवते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन ग्लासांवर कांदे ठेवले होते, मुळं पाण्यात बुडतील असे. एका ग्लासात कोळशाच्या राखेतले नॅनो कण मिसळले होते. दुसऱ्यात तुलनेसाठी नुसतं स्वच्छ पाणी. शुद्ध पाण्याचं यंत्र बंद पडलंय, म्हणून मी घरच्या विहिरीचं पाणी कॅनमधून नेलं. लहानपणापासून पितो ते पाणी, त्याची काय शंका घ्यायची?

आज मुळांची टोकं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. राखेच्या कांद्यात पेशी विभागताना रंगसूत्रं एकमेकांना चिकटलेली, काही तुटलेली. राखेच्या विषानं तसंच होणार होतं. मग घरच्या पाण्यातला कांदा पाहिला. तिथेही चिकटलेली. जरा कमी, पण होतीच. स्लाइड अदलाबदल झाल्या असतील असं स्वतःला सांगून पाहिलं. पण लेबलं माझ्याच अक्षरातली.

घरी आले तर आईनं नेहमीसारखं हातात पाणी दिलं. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर कांदा आठवला.

"आई, हे विहिरीचं पाणी नको पिऊ आता."

"काऊन? लग्न होऊन आली तवापासून हेच पिऊन राह्यली. मले काय झालं?"

काय झालं असेल, मला काय माहीत? पाण्यात नेमकं काय आहे तेही माहीत नाही. उद्या तपासायला देईन.

आई स्वयंपाकाला लागली. भाजीसाठी कांदा चिरत होती. मी तिच्याकडेच बघत बसले.

कांद्याचं मूळ तरी कापून बघता येतं.