मशीनची मास्तरीण

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या घटना कुणीतरी शिस्तीत लिहून ठेवायला हव्यात, आणि आमच्या कपबशीच्या कारखान्यात शिस्त म्हणजे मीच. तपासणी विभाग, सहा बायका, प्रमुख मी. भट्टीतून आलेला कप उजेडात फिरवायचा, लाकडी काडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर आत तडा, रिजेक्ट.

साहेबांनी बोलावलं. तपासणीचं मशीन येतंय. कॅमेरा बघेल, दांडी वाजवेल, माईक ऐकेल. पण आधी त्याला शिकवायला कुणीतरी हवं. "तुम्ही बसा." मशीन शिकलं की तपासणीत एकच माणूस राहील, बाकीच्या पॅकिंगला. तो एक कोण, हे साहेब बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती.

शिवाय सगळ्यांसमोर ऑटोमेशनचे फायदे-तोटे ह्यावर भाषण करायचं आहे, तेही मीच. संकल्प: आधी फायदे सविस्तर. तोटे वेळ उरला तर.

४ मार्च, मंगळवार

पाचजणींना बातमी दिली. धीरही दिला. म्हटलं, यंत्र माणसाला कष्टातून मोकळं करतं. पॅकिंगला दिवसभर उभं राहायचं असतं, तब्येतीला चांगलं. एक म्हणाली, "मग बाई, तुम्हीच व्हा की मोकळ्या!" बाकीच्या खिदळल्या. प्रगतीबद्दल अज्ञान किती खोलवर असतं.

६ मार्च, गुरुवार

मशीन आलं. कंपनीचा चष्मेवाला इंजिनिअर बरोबर. मी खुर्चीत बसायचं, समोरून कप जाणार. हिरवं बटण पास, लाल बटण रिजेक्ट. म्हणाला, "मॅडम, हे कप वरून-खालून बघतं, आवाज ऐकतं, वेळसुद्धा टिपतं. तुम्ही जसं कराल तसंच ते करायला लागेल." म्हटलं, मग काळजी मिटली.

खुर्ची गुबगुबीत आहे. पाचजणी इतकी वर्षं स्टुलावर बसल्या. ऑटोमेशनचा पहिला फायदा.

घरी सांगितलं. हे बँकेत कॅशियर होते. पेपर खाली न करता म्हणाले, "पैसे देणारं मशीन आलं तेव्हा त्यात नोटा कशा भरायच्या ते मीच सगळ्यांना शिकवलं होतं." ह्यांना प्रत्येक गोष्ट स्वतःवर घ्यायची सवय आहे.

१० मार्च, सोमवार

कपाला कान चिकटवणाऱ्या चौघी आहेत. कुठलं काम कुणाचं हे कळावं म्हणून प्रत्येकीचा कपाच्या बुडाला वेगळ्या रंगाचा ठिपका. भट्टीतही तो जात नाही. निळा ठिपका माझ्या नणंदेचा.

निळ्यात मला नेहमीच काहीतरी खटकतं. आज तिला तोंडावर सांगितलं, तुझे कान उद्धट बसतात. म्हणाली, "वहिनी, कपाचे की माझे?" लाल बटण. लाल. लाल.

तिने माझ्या नव्या पडद्यांना चारचौघांत चादरी म्हटलं होतं, त्याचा ह्याच्याशी काडीचाही संबंध नाही. ती गोष्ट मी केव्हाच विसरले. फिक्या पिवळ्या रंगाचे, बारीक पानांचे पडदे होते ते.

१३ मार्च, गुरुवार. दुपारनंतर

नवी पद्धत शोधली. जेवणानंतर डोळे मिटून नुसत्या आवाजावर तपासायचं. बोट हिरव्या बटणावर, काही खटकलं तरच उचलायचं. आज जेवणापासून चहापर्यंत एकही कप खटकला नाही. भट्टीवाले सुधारलेले दिसतात.

फक्त निळ्यांचा गाडा आला की नणंद स्वतः तो ढकलत येते आणि मोठ्याने विचारते, "वहिनी, जाग्या आहात ना?" असल्या प्रश्नाने माणूस दचकतो. तिचा अख्खा गाडा रिजेक्ट करावा लागला. दर्जाच्या बाबतीत मी नातंगोतं बघत नाही.

१९ मार्च, बुधवार

शिकवणी पूर्ण! चष्मेवाल्याने साहेबांसमोर माझा आणि मशीनचा निकाल ताडून पाहिला. जवळजवळ सगळे कप जुळले. म्हणाला, "आता हे अगदी मॅडमसारखं वागतं." साहेबांनी टाळी वाजवली. पाचजणी दुपारीच पॅकिंगला गेल्या. जाताना एकीने स्टूल बरोबर नेलं. किती कोत्या मनाची माणसं!

निळ्या रिजेक्टचा ढीग मात्र खिडकीपर्यंत पोचलाय. साहेब नणंदेला म्हणाले, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर दुसरीकडे काम शोधा.

संध्याकाळी ती घरी आली. भावाकडे बघून माझ्याशी बोलली. "दादा, तू रोज चहा पितोस ते कप कुठले?" रिजेक्ट कप आम्ही घरी आणतो, सगळेच आणतात. ह्यांनी हातातला कप उलटा केला. निळा ठिपका. सांडशीच्या शेजारचे चार उलटे केले. निळे. "गळतो का रे एक तरी?" म्हणाली. मी म्हटलं, घरच्या वापराला चालतात. ती चहा न घेता गेली. हे बराच वेळ बुडाकडे बघत बसले. कपाच्या.

२४ मार्च, सोमवार

भाषण उत्तम झालं. म्हटलं, मशीनला राग नाही, लोभ नाही. मशीन कुणाची नणंद नाही की कुणाची वहिनी नाही. मशीन दमत नाही, मशीन झोपत नाही. ह्या वाक्याला सर्वांत मोठी दाद मिळाली. पॅकिंगच्या रांगेत तर काहीजणी डोळे पुसत होत्या. तोट्यांपाशी आले तेव्हा स्पष्टच सांगितलं: शोधूनही एकही सापडला नाही.

संकल्प: तपासणी-प्रमुखाच्या खुर्चीसाठी शिवलेली उशी आणायची.

२७ मार्च, गुरुवार

एका हॉटेलने तडे गेलेले कप परत पाठवले. गिऱ्हाइकाच्या मांडीवर गरम चहा सांडला म्हणे. चष्मेवाल्याला बोलावलं. त्याने स्क्रीनवर रेघ काढून दाखवली. सकाळी मशीन नीट तपासतं. जेवणानंतर येईल तो कप पास करतं, अगदी फुटकासुद्धा. चहाच्या वेळी पुन्हा ताळ्यावर येतं. मी म्हटलं, मशीन आळशी निघालं. कंपनीला परत करा.

चष्मेवाला चष्मा पुसत म्हणाला, "पण दुपारीसुद्धा एक प्रकार पास होत नाही. निळ्या ठिपक्याचा. सकाळी नाही, दुपारी नाही, कधीच नाही."

साहेब म्हणाले, "मशीनचं निळ्या रंगाशी काय वैर?" पॅकिंगमधून कुणीतरी खोकलं. मग साहेबांनी स्वतः काडी उचलली आणि खिडकीजवळच्या ढिगातले कप वाजवत सुटले. खण. खण. खण. एवढं वेळखाऊ काम मोठ्या माणसाने करू नये असं मला वाटलं.

३१ मार्च, सोमवार

मशीनला नव्याने शिकवायचं ठरलं. मी उशी घेऊनच गेले होते. साहेब म्हणाले, "ह्या वेळी तुमच्या नणंदबाई बसतील. तुम्ही त्यांच्या जागी कान लावायला."

विचार केला तर निर्णय हुशारीचा आहे. दोष मुळातच होऊ नये म्हणून अनुभवी माणसाला मुळाशी बसवलं. ह्यांना हे समजावून सांगितलं. म्हणाले, "उशीचं काय?" उशी स्टुलावर मावत नाही.

१ एप्रिल, मंगळवार

कान लावणं वाटतं तितकं सोपं नाही. ओला कप, ओला कान, मध्ये मातीची पेज, आणि हात थरथरला की कान तिरका. दुपारी डोळे मिटून काम करायची पद्धत इथे चालत नाही. तरी दिवसअखेर बरे जमले. ठिपक्याला नणंदेचाच रंग तेवढा शिल्लक होता. त्यात काय, रंग तो रंग.

७ एप्रिल, सोमवार

माझे पहिले कप भट्टीतून आले. चष्मेवाला दुसऱ्या कारखान्यात अडकलाय, तो येईपर्यंत मशीन जुन्याच शिकवणीवर. कप पट्ट्यावरून गेले. लाल. लाल. लाल. एकही सुटला नाही.

मशीनने नाकारलेले कप तूर्त नणंद काडीने वाजवून पुन्हा तपासते. गुबगुबीत खुर्चीत बसून. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, वाजवून बघ. तिने वाजवला. खणखणीत. मी म्हटलं, मग?

तिने कप उजेडात फिरवला, मान तिरकी केली. "आवाज चांगला आहे हो वहिनी. पण कान जरा उद्धट बसलाय."

रिजेक्ट कप घरी आणले. ह्यांनी चहाचा कप उलटा करून बघितला. म्हणाले, "हाही तिचाच का?"

म्हटलं, माझा.

ह्यांनी कप सुलटा केला आणि त्यात चहा ओतला. चहा निवला.

कप गळत नाही.